सिस्टर बॅटलला उशीर झाला तो शनिवार

एक्केचाळीस वर्षं मी मेलेल्या माणसांना गाडीतून फिरवलं, आणि त्यांतल्या एकानंही माझ्या गाडी चालवण्याबद्दल कधी तक्रार केली नाही. पहिल्यांदा जिवंत बाईला मागे झोपवलं, तर पहिल्याच वळणावर ती ओरडली, "पॉपॉ, मी बटाट्याचं पोतं नाहीये!"

ही माझी नात केटूरा. तिला नववा महिना सरत आला होता. पोट एवढं, की आधी ते खोलीत यायचं, मग जरा वेळानं केटूरा यायची.

आता शववाहिकेत गरोदर बाई कशाला, असं तुम्ही विचाराल. आमच्या हॅकबेरी क्रॉसिंगमध्ये कुणी विचारलं नव्हतं. बायकांनी मिळून न्हाव्याच्या जुन्या दुकानात बाळंतघर थाटलं होतं. पडदे चर्चच्या बायकांनी शिवले, भिंती आम्ही म्हाताऱ्यांनी रंगवल्या. दुकानातली एक वरखाली होणारी खुर्ची जमिनीतून निघेचना, म्हणून तिथेच ठेवली. पुढे तर बायका कळा सोसायला पलंग सोडून तीच मागायला लागल्या. फक्त अडीनडीला इस्पितळात न्यायला गाडी नव्हती. मी निवृत्त झालो तेव्हा मालकानं माझी जुनी शववाहिका मलाच देऊन टाकली होती. लांबलचक, मऊ, आडवं झोपता येईल अशी. "हिच्यात काय वाईट आहे?" मी म्हणालो. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी तिला अंड्याच्या बलकासारखा पिवळाधमक रंग फासला. एक खोड मात्र गेली नाही. किल्ली फिरवली की पुढचे दिवे लागायचे ते लागायचेच. अंत्ययात्रेत भर दिवसाही दिवे लावून चालायची एक्केचाळीस वर्षांची सवय. माझ्याही अशा काही आहेत.

बाळंतघराची सुईण ओडेसा टॉलिव्हर. शहरात शिकून, परीक्षा देऊन आलेली. तिची एक रीत आमच्या जिल्ह्याला अगदी नवी होती: ती बाईला प्रश्न विचारायची आणि मग उत्तर येईपर्यंत थांबायची.

तिची आजी मिस आयव्ही, तीही सुईण. अकराशे चौदा बाळं तिनं झेलली. त्यांत मी एक. मी बाहेर आलो तोच बोलत आलो, असं ती सांगायची. मग एक दिवस सरकारचं पत्र आलं: आता हे बंद करा. एक कागद, तीन ओळी. म्हातारीनं आपली बाळंतपणाची पिशवी खिळ्याला अडकवली, ती ओडेसानं उतरवेपर्यंत तिथेच होती.

म्हणून ओडेसाचं ठरलेलं होतं. "एका कागदानं माझ्या आजीला थांबवलं, डीकन. हातात कागद आल्याशिवाय मी एकाही बाईला बाळंतपणासाठी हा उंबरा ओलांडू देणार नाही. त्यांना बोट ठेवायला जागाच सापडता कामा नये."

मी चर्चचा डीकन. म्हणजे पुढच्या बाकावर बसून झोपायची परवानगी असलेला माणूस. पण केटूराच्या बाबतीत माझी झोप उडाली होती. पहिल्या खेपेला ती जिल्ह्याच्या इस्पितळात होती. डोकं फुटतंय म्हणाली, तर तिला सांगितलं पाणी पी. डोळ्यांपुढे काजवे चमकतायत म्हणाली, तर म्हणाले टीव्ही बंद कर. ओडेसा भेटायला म्हणून गेली, हात लावून पाहिलं, आणि तिनं तिथे असा आरडाओरडा केला की चार डॉक्टर धावत आले. केटूरा वाचली, पोरगा वाचला. पण तेव्हापासून केटूराचं एकच म्हणणं होतं: यावेळी माझं बोलणं ऐकणाऱ्या माणसाजवळच मी बाळंत होणार.

आणि परवाना अजून आला नव्हता. एकच तपासणी उरली होती. बाळंतघराच्या दारापासून इस्पितळाच्या दारापर्यंत, नेहमीच्या रहदारीत, अर्ध्या तासात गाडी पोचली पाहिजे. चोवीस मैल. मधे रेल्वेचं फाटक, लाकडं वाहणारे ट्रक आणि ब्रदर एल्मोच्या गाई. (आमच्या चर्चमध्ये सगळे एकमेकांना ब्रदर नाहीतर सिस्टर म्हणतात.)

तपासनीस बाई राजधानीहून आल्या त्या शनिवारी, सकाळी अकराला. मिस लोरेटा विंबिश. आमच्यातल्याच, काळ्या वंशाच्या, पण इस्त्री इतकी कडक की बसताना कपड्यांचा आवाज यायचा. गळ्यात स्टॉपवॉच.

"गाडी कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"ही काय," मी म्हणालो.

त्यांनी पुढून पाहिलं, मागून पाहिलं. "ही शववाहिका आहे."

"होती, मॅडम. आता तिनं धंदा बदललाय."

"रोग्याच्या जागी कोण झोपणार?"

"मी!" केटूरा म्हणाली आणि कुणी नको म्हणायच्या आत चढलीसुद्धा. "घरी बसून कंटाळा आलाय. आणि वजन खरं असलं म्हणजे तपासणीपण खरी होईल."

ओडेसा आजीची ती पिशवी घेऊन तिच्याजवळ बसली. मिस विंबिश माझ्या शेजारी. घड्याळ टिक् झालं आणि आम्ही निघालो.

आता गावानं काय काय केलं होतं ते मी मिस विंबिशना सांगितलं नव्हतं. काही केलंच नव्हतं! ओडेसानं सक्त ताकीद दिली होती. कुणी गाई आत घ्यायच्या नाहीत, कुणी ट्रक थांबवायचे नाहीत. सगळं रोजच्यासारखं. आम्ही सगळे इतके रोजच्यासारखे वागत होतो की घाम फुटला होता.

फक्त एका व्यक्तीला हे सांगायचं राहून गेलं. सिस्टर ऑरेलिया बॅटल. वय अठ्ठ्याण्णव. ती मंगळवारी वारली.

सिस्टर बॅटल म्हणजे आमच्या चर्चचं घड्याळ. दहाची प्रार्थना असली की ही नऊला हजर, डोक्यावर पिवळी टोपी, आणि येणाऱ्या प्रत्येकाला "आलात का एकदाचे?" म्हणून टोमणा. तिचं दफनही त्याच शनिवारी होतं. डेट्रॉइटहून सगळं गोत आलं होतं. त्रेचाळीस गाड्या तिच्या घरापुढे रांगेत, दिवे लावून, शववाहिका आली की तिच्यामागून चर्चला निघायच्या तयारीत. आणि शववाहिका, म्हणजे खरी, काळी, जी आता माझा पुतण्या रॉयस चालवतो, ती अजून आली नव्हती. रॉयसला सिस्टर बॅटलची टोपी नीट बसवता येत नव्हती.

ते घर आमच्याच रस्त्यावर.

मी वळणावरून आलो. ताशी पंचावन्न मैल, दिवे लावलेले. तिचा भाचा थॅडियस रांगेतल्या पहिल्या गाडीत होता. त्यानं पुढे मला सांगितलं, "अंकल, आम्ही पिवळी शववाहिका पाहिली आणि सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं, आँटीनं जाता जाता गाडीसुद्धा टोपीच्या रंगाची सांगितली!"

"मग वेग पाहून शंका नाही आली?"

"कसली शंका? आँटीला उशिरा पोचलेलं कधी आवडलंय का?"

झालं. त्रेचाळीस गाड्या सुटल्या माझ्यामागे.

मी आरशात पाहिलं आणि पुन्हा पाहिलं. "मॅडम," मी म्हणालो, "आपल्यामागे थोडी माणसं आहेत."

अंत्ययात्रेसाठी नेमलेला मोटरसायकलवाला पोलीस क्लीव्हन, त्यानं ही धावाधाव पाहिली, आणि आपलंच काहीतरी चुकलं असं समजून भोंगा वाजवत माझ्याही पुढे गेला. प्रत्येक चौकात हा पुढे, आडवा हात करून रहदारी थांबवतोय. ट्रक कडेला. ट्रॅक्टर कडेला. ब्रदर एल्मोच्या गाई कुंपणाशी ओळीनं माना खाली घालून उभ्या. खोटं सांगत नाही, एका गाईनं कानसुद्धा पाडले होते. मागे मी वळून पाहिलं तर माझी सावली अर्धा मैल मागे राहिली होती आणि धापा टाकत येत होती.

"हळू!" मिस विंबिश दोन्ही हातांनी घड्याळ धरून ओरडल्या.

"हळू गेलो तर मागचे त्रेचाळीस जण आत येतील!"

एकोणीस मिनिटांत आम्ही इस्पितळाच्या दारात.

मागोमाग ते सगळे. आपत्कालीन विभागाचं अंगण भरलं. काळे सूट, काळे हातमोजे, टोप्या. थॅडियस गुलाबांचं पुष्पचक्र घेऊन उतरला. पहारेकरी बिचारा धावत आला. "अहो, इथे कुठे आणताय? इथून नेतात!"

थॅडियसनं मान झुकवली आणि माझ्या गाडीचं मागचं दार उघडलं.

आतून केटूरा उठून बसली. घाम, पिवळा झगा आणि ते पोट.

मग डेट्रॉइटची एक म्हातारी किंचाळली, "ऑरेलिया उठली!" आणि तिच्या शेजारची त्याहून मोठ्यानं, "आणि दिवस राहिलेत!" दोघीही एकमेकींच्या अंगावर कोसळल्या. इस्पितळ जवळ असल्याचा तेवढा फायदा झाला.

तेवढ्यात माझा फोन वाजला. रॉयस. "अंकल कॉर्डेल, मी सिस्टर बॅटलना घेऊन चर्चमध्ये उभा आहे. इथे पाद्री आहे, मी आहे आणि त्या आहेत. बाकी लोक कुठायत?"

"माझ्याकडे," मी म्हणालो. "ठेव फोन."

पाद्रीबाबांनी वेळ वाया घालवला नाही, हे नंतर कळलं. त्यांनी प्रवचन सुरू केलं. अख्खं तासाचं प्रवचन एकटीनं ऐकायचं भाग्य लाभलेली सिस्टर बॅटल ही एकमेव बाई. आणि मधे उठून न गेलेलीही तीच.

इकडे मिस विंबिशनी घड्याळ थांबवलं आणि वहीत काट मारली. "ही तपासणी रद्द."

"रद्द? एकोणीस मिनिटं!"

"पोलीस पुढे, दुखवट्याची माणसं मागे. ही नेहमीची रहदारी आहे का? पुन्हा तारीख मिळेल. सहा आठवड्यांनी."

ओडेसाचा चेहरा उतरला. पण ती काही बोलणार तोच केटूरानं गाडीची कड घट्ट पकडली आणि लांब श्वास सोडला. मी तिच्या आईच्या वेळचा तो श्वास ऐकलेला आहे.

"कळ?" ओडेसानं विचारलं.

"सकाळपासून येतायत. म्हटलं, बोलले तर तू मला गाडीत बसू देणार नाहीस."

"अगं सटवे! केटूरा!"

"इस्पितळ समोरच आहे," मिस विंबिश म्हणाल्या. यावेळी आवाजातली इस्त्री जरा मोडली होती.

"मला दिसतंय," केटूरा म्हणाली. "गेल्या खेपेला मी तीन दिवस तिथे एकच वाक्य बोलत होते. कुणाला ऐकू गेलं नाही."

ओडेसानं पट्टा बांधून रक्तदाब पाहिला. पुन्हा पाहिला. पोटाला यंत्र लावून ठोके मोजले, आणि सगळं अंगण कान देऊन ऐकत राहिलं. ते ठोके म्हणजे कुणीतरी घाईघाईनं जिना चढत असल्यासारखे. मग ती म्हणाली, "डोकं दुखतंय का?" आणि थांबली.

"नाही. अजिबात नाही."

"डोळ्यांपुढे काही?"

"तू. आणि हे डेट्रॉइटचे लोक."

"सगळं ठीक आहे. वेळही भरपूर आहे. पण ऐक, यांत जराही काही बिघडलं असतं तर मी स्वतः तुझा हात धरून त्या दारातून आत गेले असते आणि तुझं ऐकून घेईपर्यंत त्यांची मानगूट सोडली नसती. आता प्रश्न एवढाच आहे की कागदाशिवाय मी तुला माझ्या दारातून आत घेणार नाही."

"मिस ओडेसा!"

"नाही म्हणजे नाही. उंबऱ्यावर खुर्ची टाकीन, पण आत नाही."

मला वाटलं, आता माझी वेळ. मी टोपी काढली. "मॅडम, तुमची गाडी आमच्या अंगणात आहे. म्हणजे तुम्हाला परत यायचंच आहे. रस्ता तोच, मैल तितकेच. लावा घड्याळ."

मिस विंबिशनी माझ्याकडे पाहिलं, मग केटूराकडे. "पोलीस नको. हे लोक पंधरा मिनिटं इथेच थांबतील. वेग पाटीवर लिहिलाय तेवढाच."

"थांबतो की!" थॅडियस म्हणाला. "आम्हाला तसंही या दोघींना शुद्धीवर आणायचंय."

घड्याळ टिक् झालं. आम्ही उलटे निघालो.

पहिले दोन मैल बरे गेले. मग समोरून लाकडाचा ट्रक आला. त्यानं पिवळी शववाहिका आणि दिवे पाहिले, आणि सावकाश कडेला जाऊन थांबला. चालकानं टोपी छातीला लावली.

"यांना सांगून ठेवलंय तुम्ही!" मिस विंबिश म्हणाल्या.

"देवाशपथ नाही."

पुढे गवत कापणारा एक म्हातारा यंत्र बंद करून उभा राहिला. शाळेची बस कडेला. आईस्क्रीमची गाडी कडेला, तिनं आपलं गाणंसुद्धा बंद केलं. फाटकाशी एकशे बारा डब्यांची मालगाडी येत होती. तिच्या चालकानं आम्हाला पाहिलं, ब्रेक दाबले, अर्धा मैल ठिणग्या उडाल्या, आणि गाडी फाटकाच्या अलीकडे दोन बोटांवर येऊन थांबली. त्यानं शिट्टीसुद्धा हळू आवाजात वाजवली. हे रॉयसला पटत नाही. पण रॉयस तेव्हा तिथे नव्हता.

"थांबवा!" मिस विंबिश ओरडल्या. "गाडी थांबवा! घड्याळ चालूच आहे, पण थांबवा!"

कडेला कलिंगडांचा एक छोटा ट्रक उभा होता. त्याच्यापाशी एक अनोळखी माणूस, हातात टोपी. मिस विंबिशनी काच खाली केली.

"तुम्ही गाडी बाजूला का घेतलीत?"

"म्हणजे काय, बाई? तुम्ही येत होतात ना."

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

"आईनं."

"कधी?"

"मी पाच वर्षांचा होतो," तो म्हणाला. "एकदा नाही थांबलो, तर कानाखाली बसली होती." मग त्यानं आत डोकावून केटूराला पाहिलं, घाबरून टोपी घातली, पुन्हा काढली आणि म्हणाला, "कलिंगड घेणार का?"

मागून केटूरा ओरडली, "पॉपॉ! कलिंगड नको! चल!"

मी निघालो. मिस विंबिशनी दोन मैल कडेला थांबलेल्या गाड्या मोजल्या. मग समोर बघतच म्हणाल्या, "आज सकाळी येताना वाटेत एक अंत्ययात्रा लागली. मीही बाजूला थांबले होते."

"कुणी शिकवलं, मॅडम?"

"आजीनं." त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. "तीसुद्धा कानाखालीच द्यायची." आणि मग त्यांना हसू फुटलं. आधी नाकातून, मग सगळ्या इस्त्रीतून. "म्हणजे या रस्त्यावर, या गाडीला, कुठल्याही दिवशी..."

"कुठल्याही दिवशी," ओडेसा मागून म्हणाली.

"मग हीच तुमची नेहमीची रहदारी!"

बाळंतघराच्या दारात पोचलो तेव्हा अठ्ठावीस मिनिटं आणि चार सेकंद झाले होते. त्यांतली दीड मिनिटं कलिंगडवाल्याची. मिस विंबिशनी पाकिटातून परवाना काढला आणि टेकवायला जागा शोधू लागल्या. गाडीचं बॉनेट तापलेलं. ओडेसाचे दोन्ही हात केटूराला धरण्यात गुंतलेले.

"इथे ठेवा!" केटूरा म्हणाली आणि पोट पुढे केलं.

मिस विंबिशनी खरोखरच कागद पोटावर ठेवला. लेखणी टेकली. नाव अर्धं लिहून झालं आणि आतून एक सणसणीत लाथ बसली.

"टेबल हलतंय!"

"टेबलाला घाई आहे, मॅडम!"

तो परवाना आजही भिंतीवर आहे, त्या खुर्चीच्या वर. लोरेटा विंबिश या नावातला 'वि' एकदम छताकडे उडालेला आहे. ओडेसानं तो कागद हातात घेतला, तीन वेळा वाचला, आजीच्या पिशवीत ठेवला, डोळे पुसले आणि लगेच खेकसली, "आता उभे काय राहिलात? उंबरा ओलांडा!"

त्यानंतर आम्हा पुरुषांना बाहेर काढलं. मिस विंबिशना परत जायचं होतं, पण त्या पायरीवर बसल्या त्या बसल्याच. गळ्यातलं घड्याळ चालू. "कशाचं मोजताय?" मी विचारलं. "माहीत नाही," त्या म्हणाल्या. "बंद करवत नाही."

तिकडे डेट्रॉइटकर चर्चमध्ये पोचले, पाद्रीबाबांनी त्यांच्यासाठी प्रवचन पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, आणि चार वाजता अंत्ययात्रा दफनभूमीकडे निघाली. वाट आमच्या दारावरून. पुढे क्लीव्हन, मग रॉयसची काळी गाडी, आत सिस्टर बॅटल पिवळी टोपी घालून, आयुष्यात पहिल्यांदा तीन तास उशिरा. मागे त्रेचाळीस गाड्या. आम्ही सगळे पायरीवर उभे राहिलो. मी टोपी काढली.

आणि नेमक्या त्याच वेळी आतून आवाज आला. असा खणखणीत, असा संतापलेला, की न्हाव्याच्या जुन्या आरशाला तडा गेला. मुलगी. केटूरा हसत होती आणि रडत होती आणि ओरडत होती, "ऐकलंत का? ऐकलंत का सगळ्यांनी?"

एक्केचाळीस वर्षं मी शववाहिका चालवली. माझ्यासाठी ट्रक थांबले, बस थांबल्या, मालगाडी थांबली. पण शववाहिका कुणासाठी कधी बाजूला झालेली मी पाहिली नव्हती.

रॉयसनं उजवीकडे दिवा दाखवला, सावकाश गवतावर उतरला, इंजिन बंद केलं आणि टोपी छातीला लावली. मागून एकेक करत त्रेचाळीसच्या त्रेचाळीस गाड्या कडेला लागल्या. रस्ता एकदम मोकळा. काच खाली करून डेट्रॉइटची ती म्हातारी म्हणाली, "आली का एकदाची?"

मिस विंबिशनी तेव्हा कुठे घड्याळ थांबवलं.